शमीच्या मुक्कामावरचा पाहुणा

पूर्वी शोणप्रस्थ नगरात दृढवर्मा नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी जन्म घेतला, पण तो नगरात नव्हे आणि महालातही नव्हे. नगरापासून चार मुक्काम दूर, वाळवंटाच्या ऐन पोटात, वाटेवरच्या एका घरी त्यांनी जन्म घेतला. घरापुढे शमीचं जुनं झाड होतं, म्हणून लोक त्या जागेला शमीचा मुक्काम म्हणत. बोधिसत्त्वांचं त्या जन्मातलं नाव सोमिल. आपणही त्यांना सोमिलच म्हणू, नाहीतर मानाने बोलता बोलता गोष्ट लांबायची.

सोमिलचा धंदा म्हणाल तर साधा. संध्याकाळी आलेल्या वाटसरूला खाट द्यायची, सकाळी न्याहारी द्यायची, त्याची पखाल पाण्याने भरायची आणि त्याला वाटेला लावायचं. न्याहारीला बाजरीची आंबील, शेळीचं ताक आणि चार खजूर. जाताना पाहुणा आपल्या खुशीने मिठाचा खडा ठेवी, कोणी सरपणाची मोळी ठेवी, कोणी नुसतं हसून जाई. सोमिल तिघांनाही सारखाच हात जोडी. त्याची बायको उत्पला मात्र हसून जाणाऱ्याच्या पाठीकडे जरा जास्त वेळ बघत राही.

या घराचा एक नियम होता. पाहुण्याला नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही, कुठे आणि कशाला चाललास हेही विचारायचं नाही. नियम आजोबांनी घातलेला. त्यांनी एकदा एका पाहुण्याला सहज गाव विचारलं होतं, आणि त्या गावाशी वैर असलेला माणूस शेजारच्याच खाटेवर बसला होता. दुसऱ्या दिवशी न्याहारीला एकच जण उठला. तेव्हापासून या घरात तोंड उघडायचं ते 'या' म्हणायला आणि 'जेवा' म्हणायला.

आता गंमत बघा. नियम हा असा, आणि तो पाळायचा कोणी, तर सोमिलने, ज्याच्याइतका चौकस माणूस त्या वाळवंटात दुसरा नव्हता! मुंगी कुठे चालली आहे हे बघायला तो उन्हात घटकाभर उकिडवा बसे. उंटाने मान उजवीकडे का वळवली याचाही तो विचार करी. अशा माणसाकडे रोज नवी माणसं यायची आणि त्यांना एक शब्द विचारायची सोय नाही. त्याच्या जिभेवर प्रश्नांची नुसती रांग लागायची.

त्याने यातून एक वाट काढली होती. आलेल्या पाहुण्याचे पाय धुवायचा त्या घराचा रिवाज होता, आणि ते काम तो दुसऱ्या कोणाला करू देत नसे. परातीत पाय घेऊन तो सावकाश पाणी ओती आणि तळाला बसलेली वाळू निरखी. तांबडी वाळू पश्चिमेची. पांढरट, बोटांना चरचरणारी, ती खाजणापलीकडची, खाऱ्या दलदलीच्या पल्याडची. टाचेला भेगा नसतील तर माणूस नवखा, अंगठ्याजवळ घट्टा असेल तर रिकिबीत पाय ठेवणारा, म्हणजे घोडेस्वार. मग रात्रीच्या भाकऱ्या थापणाऱ्या उत्पलेजवळ जाऊन तो कुजबुजे, "तो खांबाजवळचा आहे ना, तो मीठवाला म्हणवतो, पण मीठवाला नव्हे. पायांना हळद लागलेली आहे. लग्नातून पळून आलाय."

"मग विचारून टाका एकदाचं," उत्पला म्हणे, "नाहीतर पोट फुगून मराल."

तो विचारीत नसे. सकाळी पाहुणा निघून जाई, आणि तो मीठवाला होता की नवरदेव, हे आजतागायत कोणाला कळलेलं नाही.

या मुक्कामांचा आणखी एक कायदा होता, आणि तो साऱ्या वाळवंटाचा होता. जो एका घरचं पाणी प्यायला, त्याच्या अंगाला पुढच्या मुक्कामापर्यंत कोणी हात लावायचा नाही. वैऱ्याने नाही, सावकाराने नाही, राजाच्या शिपायानेही नाही. ज्याने हात लावला त्याला पुढे कुठल्याच मुक्कामावर पाण्याचा थेंब मिळत नसे, आणि वाळवंटात याला फाशीच म्हणतात. सुटका एकच होती. यजमानाने स्वतः चारचौघांत 'हा माझा पाहुणा नव्हे' एवढं म्हणायचं. मग त्या माणसाचं काय करायचं ते करा. पण असं म्हणणारा यजमान सोमिलच्या आठवणीत तरी झाला नव्हता.

तर असं चाललं असताना लागोपाठ तीन वर्षं पावसाने पाठ फिरवली. शमीच्या मुक्कामावरचा आड आटू लागला. दोर पुरेना, म्हणून त्याला गाठ मारून दुसरा जोडला, मग तिसरा. शेवटी पोहरा वर येई तो अर्धा गाळाचा. सोमिलने खाली उतरून पाणी पाहिलं आणि वर येऊन सांगितलं, की घरची दोघंच प्यायली तर नऊ दिवस. पाहुण्यांना दिलं तर त्याहून कमी.

उत्पला म्हणाली, "निदान ते पाय धुणं तरी बंद करा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"माझ्या अंघोळीचं पाणी त्याला वापरतो," सोमिल म्हणाला.

"तुम्ही महिन्याभरात अंघोळ केलेली नाही."

"तेच पाणी," सोमिल म्हणाला, आणि उत्पलेला राग आलेला असतानाही हसू आलं.

पण हसून आड भरत नाही. आठ दिवसांत पाणी लागलं नाही तर खाटा उंटावर लादायच्या आणि घर सोडायचं, असं दोघांनी ठरवलं. घर बंद म्हणजे वाट बंद. अलीकडच्या मुक्कामापासून पलीकडच्या मुक्कामापर्यंत बिनपाण्याने कोणी पोचत नाही. उत्पलेचा जन्म जवळच्याच मेंढपाळांच्या वस्तीवरचा. ती शमीखाली बसून म्हणाली, "मला इथून जायचं नाही हो. मरायचं तरी इथेच मरू." सोमिल तिच्याजवळ नुसता बसून राहिला.

त्याच दिवशी सूर्य मावळताना एक माणूस आला. एकटा, अनवाणी, ओठ फुटलेले. सोमिलने त्याला आधी ओला फडका चोखायला दिला, मग घोट घोट पाणी पाजलं, कारण अशा माणसाला एकदम पाणी दिलं तर ते जिवावर बेततं. मग परात आणली. पाहुण्याने पाय मागे घेतले. सोमिलने ते हळूच पुढे ओढले, आणि घोट्यांवर पाहतो तो काय, दोन्ही घोट्यांभोवती कातडी सोलवटून काळी पडलेली. बेडीचे वळ होते ते. एवढ्याने सोमिल चकित झाला नसता, पळालेली माणसं त्याने पूर्वीही पाहिली होती. पण त्या माणसाच्या नखांत काळी चिकणमाती होती. तीन वर्षं थेंब नाही, चहूकडे नुसती वाळू, आणि याच्या नखांत ओली माती! अजून पुरती सुकलीसुद्धा नव्हती.

सोमिलचा हात थांबला. कुठेतरी पाणी होतं. एका दिवसाच्या चालीवर पाणी होतं, आणि ते या माणसाला ठाऊक होतं. 'ही माती कुठली?' एवढाच प्रश्न. जीभ टाळ्याला लागलीसुद्धा होती.

पाहुणा त्याच्याकडे टक लावून बघत होता. त्याचे डोळे असे होते, की आता एक शब्द निघाला तर हा उठून तसाच वाळूत पळेल. सोमिलने जीभ दातांखाली धरली, पाय पुसले, आणि म्हणाला, "जेवा."

चुलीपाशी येऊन त्याने उत्पलेला सगळं सांगितलं. तिच्या हातातली भाकरी तव्यावर करपली. "आणि तुम्ही विचारलं नाहीत?"

"नाही."

"घर जाऊ दे, आड जाऊ दे, पण नियम राहू दे! धन्य आहे तुमची!" ती खरोखरच चिडली होती. "मी जाते आणि विचारते."

ती गेली. पाहुणा भिंतीला टेकून बसला होता, आणि पावलांचा आवाज ऐकताच त्याने दोन्ही हातांनी घोटे झाकले. उत्पलेने त्याच्यापुढे भाकरी ठेवली, वर चटणी ठेवली आणि परत आली. चुलीपुढे बसून बराच वेळ तिने सोमिलकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर आला आणि अंगणात न्याहारीची पंगत बसली. चार उंटवाले, एक जटाधारी, आणि हा माणूस. उत्पला आंबील वाढत होती, तोच कुंपणाशी घोडे थांबले. राजाचा नायक विजयभट तीन शिपायांसह आत आला. त्यांनाही पाणी हवं होतं. सोमिलने चौघांना पाणी दिलं, परात आणली, पाय धुतले. नायकाने पाणी पिऊन मिश्या पुसल्या, पंगतीवरून नजर फिरवली आणि त्या माणसावर ती थांबवली.

"यजमान," तो म्हणाला, "तो कडेला बसलेला राजाचा अपराधी आहे. बेडी तोडून पळालाय. इथला कायदा मला माहीत आहे, म्हणून मी त्याला हात लावत नाही. पुढचा मुक्काम राजाच्या हद्दीबाहेर, म्हणजे इथून सुटला तो सुटलाच. तू फक्त म्हण, की हा माझा पाहुणा नव्हे."

सोमिलने विचारलं नाही की अपराध कोणता. त्याच्या मनात ते आलं नसेल असं मात्र समजू नका.

नायक बोलण्यात वाकबगार होता. तो आडापाशी गेला, वाकून बघितलं, एक खडा आत टाकला. खडा पाण्यात पडल्याचा आवाज आला नाही, गाळात रुतल्याचा आला. "अरेरे," नायक म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटलं असावं. "हे घर किती दिवसांचं? ऐक. राजाच्या वतीने शब्द देतो. राजा इथे तुला विहीर बांधून देईल. पायऱ्यांची, दगडी, सात पुरुष खोल, सात माणसं एकावर एक उभी राहतील एवढी. शंभर उंट प्यायले तरी हटणार नाही. तुझ्या एका वाक्यावर."

उंटवाल्यांचे हात वाडग्यातच राहिले. तो माणूस मान खाली घालून बसला होता. त्याने दयेची याचना केली नाही. फक्त हातातलं वाडगं त्याने अलगद खाली ठेवलं, हे सोमिलला दिसलं.

सोमिलने उत्पलेकडे पाहिलं. बोधिसत्त्व झाला म्हणून काय त्याला घराची ओढ नव्हती? होती. शमीखाली ती काल काय म्हणाली ते त्याच्या कानात होतं. एका पारड्यात ती, हे घर, ही वाट, आणि पुढे येणारे किती तहानलेले जीव. दुसऱ्या पारड्यात नाव माहीत नसलेला एक माणूस, जो कदाचित चोर असेल, कदाचित खुनी असेल. हिशेब करायला बसलं तर काय उत्तर येईल ते कोणीही सांगावं.

उत्पलेने पळी उचलली. त्या माणसाच्या वाडग्यात आणखी थोडी आंबील वाढली आणि नायकाकडे न बघता म्हणाली, "पाहुण्याची आंबील गार होतेय. कोणी त्याला जेवू द्याल का?"

सोमिलच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, "नायक, हा माझा पाहुणा आहे. आपणही माझे पाहुणे आहात. उद्या आपल्यामागे कोणी तलवार घेऊन आला, तर त्यालाही मी हेच सांगेन."

नायकाचा चेहरा उतरला. "वेडा आहेस. अशी विहीर पुन्हा मिळायची नाही."

तेव्हा त्या माणसाने पहिल्यांदा मान वर केली. "नायक," तो म्हणाला, "एक शंका आहे. सात पुरुष खोल विहीर म्हणालात. कुठे खणायची, ती जागा कोण दाखवणार?"

"कोण म्हणजे?" नायक खेकसला. "राजाच्या पदरी पाणाड्या आहे. तो दाखवील."

"आणि राजाच्या पदरचा पाणाड्या कोण?"

नायकाने तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. मागचा एक शिपाई फिस्सकन हसला, त्याला ठसका लागला, आणि मग उंटवाले हसू लागले. जटाधारीसुद्धा हसला. कारण तो बेडी तोडून पळालेला माणूस, कुंदक त्याचं नाव, हाच राजाचा पाणाड्या होता. अख्ख्या राज्यात जमिनीखालचं पाणी ओळखणारा तो एकटाच. राजाने टेकडीवर नवी बाग केली आणि तिच्यात कमळांचं तळं हवं म्हणाला. कुंदक म्हणाला, महाराज, इथे खाली कातळ आहे, पाणी नाही. दरबाऱ्यांनी राजाच्या कानात सांगितलं, की आहे पाणी, पण हा लपवतोय. झालं! पाणी दाखवीपर्यंत याला बेडी घाला. तहान लागल्यावर विहीर खणणारे पुष्कळ असतात, पण ज्याने विहीर दाखवायची त्यालाच बेडी घालून त्याच्याच बदल्यात विहीर देऊ करणारा राजा एकच.

नायक खाली बसला. बराच वेळ तो वाळूवर बोटाने रेघा ओढत होता. तो काही दुष्ट माणूस नव्हता, फक्त दिलेला हुकूम उलटून बघायची त्याला सवय नव्हती. शेवटी तो म्हणाला, "मी राजाला काय सांगू?"

"जे झालं ते," सोमिल म्हणाला, आणि चौघांच्या पखाली भरायला गेला. त्याने त्या काठोकाठ भरल्या. उत्पला ते बघत होती. त्या पखालींत त्यांच्या नऊ दिवसांतले चार दिवस गेले. तिने डोळे मिटून घेतले. कुंदकानेही ते पाहिलं.

घोडे दिसेनासे झाले तसा कुंदक उठला. उंटवाले निघत होते आणि त्यांच्याबरोबर गेला असता तर दिवस मावळायच्या आत तो हद्दीबाहेर सुरक्षित असता. तो गेला नाही. म्हणाला, "दादा, काल तुम्ही माझ्या नखांतली माती पाहिलीत. कोरड्या नदीच्या वळणावर मी हाताने खणून दोन घोट मिळवले होते. ते पाणी दोन घोटांचंच होतं. तुम्ही विचारलं असतंत तर मी खोटं सांगून पळालो असतो. आता मला तुमच्या आडात उतरू द्या."

तो उतरला. खाली त्याने भिंतीला कान लावला, मूठभर गाळ जिभेवर घेतला, वास घेतला, बोटांच्या पेरांनी दगड ठोकत एक फेरा मारला. वर येऊन म्हणाला, "खणणाऱ्याने जागा बरोबर धरली होती, पण पाणी खालून येत नाही, पूर्वेच्या अंगाने येतं. खाली जाऊ नका. आडवं खणा."

आडवं खणायचं! मेंढपाळ वस्तीवरून दहा जण आले, त्यांनी डोकं खाजवलं, पण पहारी आणल्या. पहिल्या दिवशी वाळूचा दगड. दुसऱ्या दिवशी तसाच. तिसऱ्या दिवशी पहारीची टोकं बोथट झाली आणि निम्मे मेंढपाळ परत गेले. "पाणाड्या कसला, बोलघेवडा आहे," एक जण जाता जाता म्हणाला. पिण्याचं पाणी आता प्रत्येकी एक वाटी होतं. कुंदक आपली वाटी अर्धी ठेवी आणि उत्पलेच्या नकळत माठात ओती. तिच्या ते नकळत नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी आत सोमिल आणि कुंदक दोघेच होते. सोमिलच्या मनात एकच प्रश्न होता, की नक्की आहे ना पाणी? तो त्याने गिळला आणि पहार मारली. पहार भसकन आत गेली. बाहेर काढली तर भोकातून आधी गार वारा आला, ओल्या मातीचा वास आला, आणि मग बोटाएवढी धार. दोघेही बघत राहिले. धार मनगटाएवढी झाली तेव्हा कुंदक रडू लागला, मोठ्याने, लहान मूल रडतं तसा. वरून उत्पला ओरडली, "काय झालं? कोणी पडलं का?" आणि खालून सोमिलला इतकंच म्हणता आलं, "पोहरा सोड, पोहरा!"

तिने पोहरा ओढला तो जड लागला. ती आडाच्या काठावरच बसली, पोहऱ्यात तोंड घालून प्यायली, आणि पदरात तोंड खुपसून रडली. मग उठून तिने पहिली घागर शमीच्या बुंध्याशी नव्हे, देवापुढे नव्हे, तर कुंदकाच्या पायांवर ओतली. त्याचे वळ चांगले धुतले आणि वर एरंडेल लावलं.

राजा दृढवर्म्याला पुढे शहाणपण आलं की नाही, यावर जुने सांगणारे गप्प आहेत, म्हणून मीही गप्प बसतो. एवढं मात्र सांगतात, की कुंदक पुढच्या मुक्कामाला कधी गेलाच नाही. तो शमीच्या मुक्कामावर राहिला आणि वाळवंटात आणखी सहा आड त्याने दाखवले. कधी शिपाई आलेच, तर उत्पला म्हणे, "अहो, त्याची न्याहारी व्हायचीय अजून."

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, विहारातल्या तिंदुक नावाच्या भिक्षूला सांगितली. आगंतुक भिक्षूंची सोय बघायचं काम तिंदुकाकडे होतं. एक म्हातारा भिक्षू उन्हातून चालत आला, तर तिंदुकाने त्याला दारातच उभं करून गुरू कोण, दीक्षा कधी, आधीचा विहार का सोडला, असं विचारून विचारून बेजार केलं. म्हातारा पाणी न पिताच झाडाखाली जाऊन बसला होता. शास्त्यांनी स्वतः जाऊन त्याला आणलं, त्याचे पाय धुतले, आणि त्याचं खाणं होईपर्यंत ही गोष्ट सांगितली. शेवटी ते म्हणाले:

"तहानेल्याला पाणी दे, भ्यालेल्याला दे दार;
नाव-गाव मागाहून, आधी दे आधार."

"तिंदुका, त्या वेळचा नायक विजयभट तो तूच. तेव्हाही तू वाईट नव्हतास, फक्त घाईत होतास. पाणाड्या कुंदक म्हणजे हे आज आलेले थोरले भिक्षू. उत्पला म्हणजे रोज सकाळी आपल्याला पेज आणून देणारी उपासिका सुलसा. आणि ज्याच्या जिभेवर सतत प्रश्न असत, तो सोमिल म्हणजे मी."

तिंदुकाची मान खाली गेली. म्हातारा भिक्षू मात्र पेजेचं भांडं खाली ठेवून म्हणाला, "विचार रे बाबा आता काय विचारायचं ते. आता सांगतो."

या कथेतला गुण अभयदान. ज्याच्याबद्दल काही ठाऊक नाही, त्यालाही ते द्यायचं असतं. ठाऊक झाल्यावर काय, कोणीही देतं.